नववीला गुगल डॉक्सवर गटकाम दिलं, एकच मुलगी टाइप करते आणि बाकीचे बघत बसतात. काय करू?

भूगोलवाली बाई (नाशिक)

नमस्कार मंडळी, मी नाशिकला एका अनुदानित माध्यमिक शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवते. नववीचा वर्ग, पट ५४. संगणक कक्षात २० मशीन आहेत, त्यातली १२ चालतात, नेट बरं आहे. यंदा ठरवलं होतं की मुलांकडून एकत्र मिळून ऑनलाइन काहीतरी करून घ्यायचं, नुसतं फळा आणि वही नको. विषय घेतला गोदावरीचा पूर, कारण आमच्या मुलांनी तो डोळ्यांनी बघितलाय, निम्म्यांची घरं पंचवटी नाहीतर जुन्या नाशकात आहेत.

पहिल्या दिवशी मी एकच डॉक उघडलं आणि सगळ्यांना लिंक दिली. चुकलंच ते. एका पानावर बारा कर्सर नाचायला लागले, नावं नाहीतच, नुसते अनामिक प्राणी (लॉगिन नसलं की गुगल नावाऐवजी प्राणी दाखवतं), आणि मग कोणीतरी सगळं सिलेक्ट करून उडवलं. वर्गात जो काही आरडाओरडा झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांना येऊन थांबवावा लागला. मजकूर नंतर जुन्या व्हर्जनमधून परत मिळाला पण तास गेला.

मग सहा-सहाचे नऊ गट केले, प्रत्येक गटाला वेगळं डॉक. आता शांतता आहे पण दुसरंच दुखणं सुरू झालं. गेल्या शुक्रवारी मी तिसऱ्या गटामागे पाच मिनिटं गप्प उभी राहिले. एक मुलगी टाइप करतेय, तिच्या शेजारची तिला विकिपीडियावरचं वाचून दाखवतेय, दोन मुलं खिडकीतून ग्राउंडवरची मॅच बघतायत, एक जण खोडरबराचे तुकडे करून ते कीबोर्डच्या फटीत घालतोय आणि सहावा खरंच ऐकत होता, दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्याने, पण कोणी त्याच्याकडे बघितलंच नाही. तास संपल्यावर आठ पानं तयार, फोटो वगैरे लावून छान. मी त्यातल्याच एकाला विचारलं, गोदावरीला पूर असला की तिला मिळणाऱ्या छोट्या नासर्डी नदीचं पाणी पुढे का सरकत नाही, आजूबाजूला का पसरतं? हे त्यांच्याच पान चारवर लिहिलेलं होतं. त्याला सांगता आलं नाही. टाइप करणाऱ्या मुलीलाही नाही.

बीएडला वायगॉट्स्की हा मानसशास्त्रज्ञ मी मनापासून वाचला होता. मुलं एकमेकांकडून शिकतात यावर माझा विश्वास आहे, मी स्वतः तशीच शिकलेय, मोठ्या बहिणीच्या वहीवरून. पण वर्गात ते होताना दिसत नाहीये. टूल चुकलं का? गट मोठे झाले का? आणि मार्क कसे द्यायचे, सहाही जणांना सारखे दिले तर त्या मुलीवर अन्याय होतो. प्रत्यक्ष करून बघितलेल्यांनी सांगा प्लीज.

---

निफाडचा मास्तर

ताई, टूल बदलू नका, आधी प्रश्न बदला. "गोदावरीच्या पुराबद्दल माहिती लिहा" हे काम एका हुशार मुलीला एकटीने करता येतं, आणि खरं म्हणजे एकटीने जास्त लवकर होतं. मग बाकीच्या पाच जणांनी काय करायचं? ती मुलं आळशी नाहीत हो, त्यांची गरजच नाहीये तिथे.

रिंगेलमन नावाचा फ्रेंच शेतकी इंजिनिअर होता, त्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. माणसं वाढवली की एकूण जोर वाढतो पण माणशी जोर कमी होत जातो. थोडं एकमेकांचा झटका एकाच वेळी बसत नाही म्हणून, आणि थोडं दुसरा ओढतोय ना म्हणून. आपल्या गणेशोत्सवातल्या रस्सीखेचीत हे दिसतंच. तुमच्या गटात सहा आहेत, मशीन एक, कीबोर्ड एक. दोराला धरायला जागाच एकाची आहे.

मी जे करतो ते जिगसॉ. ही पद्धत एलियट अ‍ॅरनसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात काढली, तिथे तेव्हा गोऱ्या-काळ्या मुलांना नुकतंच एका वर्गात बसवायला सुरुवात झाली होती आणि वर्गात सारखे तंटे होत होते. त्याने काय केलं, धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचा तुकडा त्याच्याकडूनच ऐकायचा, दुसरा मार्ग नाही. मधे एक पायरी असते जी बरेच जण गाळतात आणि मग म्हणतात जमत नाही: सगळ्या गटांतले एक नंबरवाले आधी एकत्र बसतात, त्यांचा तुकडा नीट समजून घेतात, कच्च्या पोराला तिथे इतर तीन-चार जण तयार करतात, आणि मग तो आपल्या गटात जाऊन शिकवतो. म्हणजे तो रिकाम्या हाताने जात नाही. तुमचा तो सहावा मुलगा, दोनदा तोंड उघडलेला, त्याला हेच पाहिजे. त्याच्याकडे असं काहीतरी द्या जे गटात दुसऱ्या कोणाकडे नाही.

माझं उदाहरण सांगतो. आठवीला कांद्यावर काम केलं. गुगल शीट, प्रत्येकाला एक कॉलम. एकाकडे लासलगावचा रोजचा भाव, एकाकडे पाऊस, एकाकडे घरचा मजुरीचा आणि गाडीभाड्याचा खर्च, एकाकडे बाजारात गेलेल्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती. शेवटचा प्रश्न एवढाच: या आठवड्यात विकायचा का चाळीत ठेवायचा? चारही कॉलम भरल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. एक मुलगा होता, वर्षभर वर्गात बोललेला मी ऐकला नव्हता. तो वडिलांच्या पट्ट्यांची पिशवीच घेऊन आला, रबर लावून, महिन्याप्रमाणे. हमाली किती कापली, तोलाई किती, सगळं त्याला तोंडपाठ. त्या दिवशी वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी त्याला विचारत होती, अरे हे कशाचे पैसे कापलेत? आणि तो सांगत होता. मला अजून तो तास आठवतो.

गट चारच्या वर करू नका. ५४ पोरं असली तरी. मशीन कमी असली तर अर्धे वहीवर बसवा, अर्धे मशीनवर, आलटून पालटून.

---

नाशिकरोड अध्यापिका

वरचा प्रतिसाद आवडला. मी बीएड कॉलेजला शिकवते त्यामुळे थोडं सिद्धांताच्या बाजूने, कारण ताईंनी वायगॉट्स्कीचं नाव घेतलंय आणि आपल्याकडे त्याचं नाव घेऊन बरंच काही चुकीचं शिकवलं जातं, आमच्याकडूनही जात असेल.

वायगॉट्स्की असं म्हणाला नाही की मुलं शेजारी बसवली की शिकतात. तो म्हणाला की मूल एकटं जे करू शकतं आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकतं, यांच्यात एक पट्टा असतो, आणि शिकवायचं ते तिथे. समीप विकासाचं क्षेत्र म्हणतो आपण पुस्तकात. म्हणजे दोन अटी आल्या. काम मुलाला एकट्याला थोडं न जमणारं हवं, आणि मदत करणारा त्यात खरंच थोडा पुढे हवा. विकिपीडिया उतरवून घेणं हे नववीच्या मुलीला एकटीला सहज जमतं, म्हणजे ते त्या पट्ट्यात नाहीच. तिला कोणाची गरज पडणार?

दुसरं, स्कॅफोल्डिंग हा शब्द वायगॉट्स्कीचा नाही. तो १९३४ साली गेला. हा शब्द १९७६ च्या एका लेखातून आला, वूड, ब्रूनर आणि रॉस यांच्या. त्यात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवणारी बाई नेमकं काय काय करते ते बघितलं होतं. ती मुलाचं लक्ष वेधते, काम सोपं करून देते, मूल भरकटलं की परत आणते, चिडलं तर सांभाळते. आणि मूल करायला लागलं की हात मागे घेते. आपल्याकडे इमारतीला परांची बांधतात ना तसं, गिलावा झाला की परांची उतरवायची. मी कितीतरी पाठ निरीक्षणं केलीत ज्यात परांची बांधलेली असते पण उतरवतच नाहीत, वर्षाच्या शेवटीही मुलांना तोच तयार तक्ता आणि गाळलेल्या जागा. ऑनलाइन टूलमध्ये हा मोह जास्त होतो कारण टेम्प्लेट तयार असतं.

तिसरं म्हणजे पियाजे, मुलांच्या विचारांवर काम करणारा दुसरा मोठा मानसशास्त्रज्ञ. गंमत अशी की दोघांचाही जन्म १८९६ चा. पियाजेला वाटायचं की मुलं शिकतात ती बरोबरीच्याशी मतभेद झाले की, कारण मोठ्या माणसाचं मूल मान डोलावून ऐकून घेतं, पण मित्र म्हणाला "नाही, तसं नसतं" की विचार करावा लागतो. म्हणून गट करताना आधी ठरवा की तुम्हाला या तासाला काय हवंय. एखादं कौशल्य शिकवायचंय, नकाशावर उतार वाचायचाय, तर ज्याला येतं त्याच्याशेजारी न येणाऱ्याला बसवा. एखाद्या प्रश्नावर विचार करायला लावायचाय तर साधारण सारख्या मुलांना बसवा आणि मतं वेगळी आहेत ना बघा, हुशार मुलगी मधे बसवली की बाकीचे तिचंच ऐकतात, वाद होतच नाही.

आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं हा विचार) हा शब्द घरोघरी गेला, पुढे २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा फरशीवर रंगवलेल्या तक्त्यांची लाट आली. काही शाळांनी अतिशय सुंदर काम केलं. पण बऱ्याच ठिकाणी रंग आला आणि मुलाचं बोलणं आलं नाही. आता तेच डॉक्स आणि पॅडलेटच्या (सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या लावायची ऑनलाइन भिंत) बाबतीत होऊ नये एवढं मनापासून वाटतं.

---

अकरावीतली

मी शिक्षिका नाही, अकरावी सायन्सला आहे, पण ती टाइप करणारी मुलगी मीच होते दहावीपर्यंत म्हणून लिहितेय.

मॅडम, तिला टाइप करायला आवडतं म्हणून ती करत नाहीये बहुतेक. आमच्या गटात मराठी टायपिंग फक्त मला यायचं. बाकीच्यांना घरी मोबाईलवर इंग्रजी अक्षरात मराठी लिहायची सवय, लॅबच्या मशीनवर मराठी कीबोर्ड आला की एक जोडाक्षर शोधायला दोन मिनिटं. मग मॅम म्हणायच्या लवकर करा, तास संपतोय, आणि सगळे माझ्याकडे सरकवायचे. आणि एकदा का माझ्या हातात कीबोर्ड आला की काय लिहायचं ते पण मीच ठरवायचे, कारण दुसरा सांगेपर्यंत थांबायला वेळ नसायचा. मला तेव्हा वाटायचं मी सगळ्यांचं काम करतेय आणि राग यायचा. आता वाटतं त्यांना पण राग येत असेल.

आणि मॅडम, मला पण काही समजायचं नाही हो त्यातलं. बोटं चालायची फक्त.

---

सातपूरचा पालक

अकरावीतल्या ताईने नेमकं सांगितलं, हॅट्स ऑफ. माझा मुलगा आठवीत आहे आणि मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तर टूलच्या बाजूने दोन-चार गोष्टी.

टायपिंगसाठी: क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडलं की टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग आहे, त्यात भाषा मराठी निवडता येते. गुगलने २०१७ मध्ये बोलून लिहिण्यात मराठी आणली, आता बऱ्यापैकी ओळखतं. फक्त बारा मशीनवर एकदम बोलायला लागले की एकमेकांचं ऐकून भलतंच लिहिलं जातं, म्हणून एका वेळी दोन-तीनच गट, किंवा हेडफोनचा माइक. नाहीतर सरळ कागदावर लिहू द्या आणि फोटो काढून डॉकमध्ये चिकटवा, त्यात कमीपणा काही नाही.

गोंधळासाठी: डॉकमध्ये सगळे एकाच पानावर लिहितात म्हणून एकाने एंटर मारलं की दुसऱ्याची ओळ खाली पळते. त्यापेक्षा स्लाइड्स घ्या, प्रत्येकाला एक स्लाइड. किंवा मास्तर म्हणतात तशी शीट, त्यात प्रोटेक्ट रेंज करून ज्याचा कॉलम त्यालाच उघडा ठेवता येतो. प्रत्येक गटाला वेगळी कोरी प्रत द्यायची असेल तर लिंकच्या शेवटी जिथे इंग्रजीत एडिट लिहिलेलं असतं तिथे ते काढून कॉपी लिहा, उघडणाऱ्याला थेट स्वतःची प्रत करायचं बटण दिसतं. अनामिक प्राणी नको असतील तर लिंक सर्वांसाठी उघडी ठेवू नका, खात्यांनाच परवानगी द्या.

एक सावधगिरी. काही जण सांगतील व्हर्जन हिस्टरी बघा, कोणी किती लिहिलं रंगाने कळतं, त्यावर मार्क द्या. तसं करू नका मॅडम. तुमच्याकडे एका मशीनवर चार-पाच मुलं आहेत, हिस्टरीत एकच नाव येणार. आणि समजा प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असलं तरी ती मोजते कोणाची बोटं चालली ते. विचार कोणाचा होता ते तिला माहीत नाही. मजकूर उडाला तर परत आणायला मात्र ती सोन्यासारखी आहे.

आणि पालक म्हणून एक विनंती. मुलांचे वैयक्तिक जीमेल वापरू नका. शाळांसाठी गुगलचं वर्कस्पेस एज्युकेशनचं मूळ पॅकेज मोफत आहे, शाळेच्या डोमेनवर खाती काढा, शाळेच्या ताब्यात राहतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो, तर एक साधं पत्र घरी पाठवा. आम्ही सही करू हो, फक्त विचारा. माझ्या मुलाचा फोटो आणि पूर्ण नाव असलेलं पॅडलेट एकदा मला गुगलवर शोधताना सापडलं, फार अस्वस्थ झालो होतो.

अजून एक, कुठल्याही एका अ‍ॅपवर वर्षभराचं काम बांधू नका. जॅमबोर्ड हा गुगलचा ऑनलाइन फळा कितीतरी शिक्षक वापरायचे, गुगलने तो ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला. काम असं आखा की टूल गेलं तरी काम राहील.

---

सुरगाण्याहून

मी सुरगाणा तालुक्यात आश्रमशाळेत आहे. इथे रेंज यायला शाळेमागच्या टेकाडावर जावं लागतं, पावसात तर तीही नाही. तरी हा धागा पूर्ण वाचला (टेकाडावर उभा राहून).

आम्ही तुमचं पॅडलेट भिंतीवर करतो. जुनी कॅलेंडरं उलटी चिकटवायची, प्रत्येक गटाला एक, आणि प्रत्येक मुलाला वेगळ्या रंगाचं स्केचपेन. नियम दोन. स्वतःच्याच रंगाने लिहायचं. आणि दुसऱ्याचं खोडायचं नाही, पटलं नाही तर बाण काढून बाजूला "का?" लिहायचं. दुसऱ्या दिवशी ज्याच्या ओळीवर "का?" आलाय त्याने उत्तर द्यायचं. बस एवढंच. पण मॅडम तुम्हाला सांगतो, त्या "का?" वर पोरं जेवणाच्या रांगेतसुद्धा भांडतात. आमच्याकडे घरची भाषा कोकणा, पुस्तकातली मराठी वेगळी, तर आधी आपल्या भाषेत भांडतात आणि मग लिहिताना मराठी शोधतात. मी अडवत नाही. भांडणातच तर सगळं चाललेलं असतं.

तुमच्या डॉक्समध्ये कॉमेंट असते ना, तोच आमचा बाण. लिहायला आठ पानं देण्यापेक्षा एक पान द्या आणि कॉमेंटा मागा.

---

भूगोलवाली बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. अकरावीतल्या बेटा, तुझं वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. मी खरंच टायपिंगचा विचारच केला नव्हता, मला वाटत होतं मुलगी पुढाकार घेते.

आता असं ठरवलंय. एकच प्रश्न: गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज आला, तर भांडीबाजारातल्या दुकानदाराने काय, कधी आणि किती उंच उचलून ठेवावं? गट चारचे. एकाकडे विसर्ग (धरणातून सोडलेलं पाणी), क्युसेक काय असतं इथपासून, सेकंदाला एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. एकाकडे दुतोंड्या मारुती (गोदापात्रातली मूर्ती, तिच्यावरून पुराची उंची सांगतात), पाणी कुठवर आलं की लोक काय म्हणतात ते घरातल्या मोठ्यांना विचारून, १९६९, २००८, २०१६, २०१९ यातल्या ज्या पुराची त्यांना आठवण असेल त्याची. एकाकडे नकाशा, उतार आणि नासर्डी-वाघाडी गोदावरीला कुठे मिळतात ते. एकाने एका दुकानदाराशी बोलायचं. आधी कागदावर, मग स्लाइड, प्रत्येकाची एक, आणि पाचवी स्लाइड सगळ्यांची मिळून उत्तराची. सुरगाण्याच्या सरांचा "का?" मी जसाच्या तसा घेतेय.

मार्कांचं मात्र अजून कळत नाहीये.

---

निफाडचा मास्तर

चिठ्ठी काढा. गटात १ ते ४ नंबर द्या, शेवटी एक चिठ्ठी उचला, ज्याचा नंबर येईल त्याने उभं राहून गटाचं उत्तर समजावून सांगायचं, आणि स्वतःच्या नाही तर दुसऱ्याच्या स्लाइडबद्दल. त्याला जमलं तर गटाला मार्क. स्पेन्सर केगन यांच्या पद्धतींमध्ये हे आहे, नंबर्ड हेड्स टुगेदर. कोण उभं राहणार माहीत नसल्यामुळे पक्की पोरं कच्च्यांना आदल्या दिवशी स्वतःहून तयार करतात. निम्मे मार्क याचे ठेवा, निम्मे प्रत्येकाने वहीत एकट्याने लिहिलेल्या उत्तराचे. पहिल्या वेळी चिठ्ठी फसली तर मार्क कापू नका, नुसतं पुन्हा बसवा आणि पाच मिनिटं द्या.

---

भूगोलवाली बाई

तीन आठवडे झाले, सांगायला आले.

सगळं काही छान झालं नाही. चौदा गट झाले, दोन गट तिघांचेच, तिथे मारुती आणि दुकानदार एकालाच करावं लागलं. त्यातल्या एका गटात दुकानदाराशी बोलायचा भाग झालाच नाही, मुलगा दोनदा जाऊन लाजून परत आला. त्याच्याबरोबर कोणाला तरी पाठवायला हवं होतं, ते माझ्या लक्षात यायला उशीर झाला. व्हॉइस टायपिंग आमच्या लॅबमध्ये जमलं नाही, माइक दोनच चालू आहेत. मग बहुतेकांनी हाताने लिहून फोटो लावले. मारुतीच्या जागी कोणीतरी भलत्याच मारुतीचा फोटो लावला होता तेही लगेच दुसऱ्या गटाने पकडलं.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. जे मारुतीवाले होते ते सगळे आधी एकत्र बसले, मास्तरांनी सांगितलेली मधली पायरी. त्यात दोन मुलींच्या स्लाइडवर एकाच पुराचं वेगळं लिहिलेलं. एकीची आजी म्हणाली पाणी मारुतीच्या कमरेला होतं, दुसरीची म्हणाली छातीच्या वर. पहिलीने कॉमेंट टाकली: का? दुसरीने उत्तर दिलं: माझ्या आजीने स्वतः बघितलंय. त्याखाली तो सहावा मुलगा, खिडकीवाल्या गटातला, त्याची कॉमेंट: "तुझी आजी किती वाजता गेली होती बघायला?"

मी ते मागच्या बाकावर मोबाईलवर वाचत होते. दोघी घरी जाऊन परत विचारून आल्या. एक आजी सकाळी गेली होती, एक संध्याकाळी. मग पुढचा तास सगळा त्यातच गेला, मधल्या वेळात पाणी किती चढलं, धरणातून कधी सोडलं असेल, तिथून रामकुंडापर्यंत यायला वेळ लागणारच ना, आणि म्हणून दुकानदाराकडे मेसेज आल्यावर थोडा वेळ असतो, हे त्यांचं त्यांनी काढलं. विसर्गवाल्यांना त्यांनीच बोलावून घेतलं. मी फळ्यावर एक रेषसुद्धा ओढली नाही.

चिठ्ठीत त्या मुलाचाच नंबर आला. नकाशाबद्दल बोलायचं होतं त्याला, त्याचा भाग नव्हता. थोडा अडखळला, पण नासर्डीचं पाणी का अडतं ते हाताने दाखवून सांगितलं, एक हात मोठ्या नदीचा, एक छोट्या नदीचा. टाइप करणारी मुलगी दुसऱ्या गटात होती, तिच्याकडे दुकानदार होता. तिने सराफ बाजारातल्या एका काकांना विचारून आणलं की पूर म्हटलं की ते आधी काय उचलतात. हिशेबाच्या वह्या, मग बाकी सगळं. हे कुठल्याच साइटवर नव्हतं असं तिने मला दोनदा सांगितलं.

आता पुढचा घटक इतिहासाचा आहे, तिथे घरच्यांना विचारण्यासारखं काही नाही, सगळं पुस्तकातच आहे, आणि मुलं आत्तापासून विचारतायत मॅडम यावेळी कोणाकडे काय? जिगसॉचे तुकडे इतिहासात कसे पाडायचे? कोणी केलंय का?

---

नाशिकरोड अध्यापिका

साधनं वाटून द्या, घटना नको. एकाच प्रसंगाबद्दल एकाकडे पत्र, एकाकडे नाणं किंवा शिलालेखाचा फोटो, एकाकडे परक्या प्रवाशाचं वर्णन, एकाकडे नकाशा. चौघांचं जिथे जुळत नाही तिथे तुमची ती "किती वाजता गेली होती आजी" कॉमेंट आपोआप येईल. नाशिकलाच पांडवलेणी आहे, तिथले सातवाहन आणि क्षत्रप काळातले ब्राह्मी शिलालेख आहेत, दोन घराणी, एकाच डोंगरावर, दोघंही आपापलं सांगतायत. तिथून सुरू करा. मी माझ्या छात्रशिक्षकांना घेऊन येऊ का तो तास बघायला? मागे बसू, मधे बोलणार नाही.

---

भूगोलवाली बाई

नक्की या. गुरुवारी पाचवा तास असतो. लेणीवर आधी मुलांना घेऊन जाते, पायऱ्या चढताना पावसाचं शेवाळ असतं म्हणून उघडीप बघून. तारीख कळवते.